धर्म सांगायला दारात आलेला माणूस फसवणूक कधी करतो? क्रीटमधल्या एका घरापासून जपानच्या कोर्टापर्यंतची गोष्ट

तारीख २ मार्च १९८६. ग्रीसच्या क्रीट बेटावरचं सितिया हे छोटं शहर. एका घराची बेल वाजली. दारात एक वयस्क जोडपं उभं होतं. ‘आम्ही चांगली बातमी घेऊन आलोय’ असं सांगून आणि थोडा आग्रह करून ते घरात आले. विषय निघाला स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा. दोनच दिवसांपूर्वी त्यांची हत्या झाली होती. मग शांततेच्या गप्पा झाल्या, एक छोटं पुस्तक बाहेर आलं आणि बायबलमधल्या ओळींचा अर्थ सांगणं सुरू झालं.

पाहुण्यांचं नाव होतं मिनोस कोक्किनाकिस. सोबत त्यांची पत्नी होती. दोघं ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे. ज्या बाईंशी ते बोलत होते त्यांचे पती गावातल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये स्तोत्रं म्हणायचे. पतीने पोलिसांना कळवलं आणि जोडप्याला अटक झाली.

इथे ‘चांगली बातमी’ या शब्दांकडे नीट बघायला हवं. मराठी ख्रिस्ती लोक बायबलमधल्या संदेशाला ‘शुभवर्तमान’ म्हणतात. ग्रीक भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थही तोच. म्हणजे कोक्किनाकिस त्यांच्या दृष्टीने अगदी शब्दशः खरं बोलत होते. पण दार उघडणाऱ्या बाईला काय वाटलं असेल? कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मूल झालं, कुणाची नोकरी लागली. खरं बोलूनही समोरच्याचा गैरसमज होऊ दिला, तर त्याला फसवणूक म्हणायचं का?

याच प्रश्नावर पुढे सात वर्षं खटला चालला. दारोदारच्या धर्मप्रचारावर आज जगभर जो वाद होतो, त्यात या खटल्याचा उल्लेख हमखास येतो.

साठ वेळा अटक झालेला माणूस

कोक्किनाकिस १९३६ मध्ये या पंथात आले. १९३८ मध्ये ग्रीसचा हुकूमशहा मेताक्सास याने कायदा करून ‘प्रोसेलिटिझम’ म्हणजे दुसऱ्याला आपल्या पंथात ओढण्याचा प्रयत्न हा गुन्हा ठरवला. त्यानंतर कोक्किनाकिस यांना साठहून जास्त वेळा अटक झाली. हा आकडा कोर्टाच्या निकालपत्रातच नोंदलेला आहे.

त्या कायद्याची व्याख्या मोठी गमतीची होती. लालूच दाखवून किंवा फसवून कुणाच्या श्रद्धेत शिरणं हा गुन्हा, इथपर्यंत कुणालाही पटेल. पण समोरच्याच्या अननुभवाचा, गरजेचा, ‘कमी बुद्धीचा’ किंवा भोळेपणाचा फायदा घेणं, हेही त्यात होतं. आता समोरचा भोळा आहे की नाही, हे ठरवणार कोण? ग्रीसच्या कोर्टांनी ठरवलं की त्या बाई भोळ्या होत्या. खालच्या कोर्टाने पती-पत्नी दोघांना चार महिन्यांची शिक्षा दिली. अपिलात पत्नी सुटली, कोक्किनाकिस यांची शिक्षा तीन महिन्यांवर आली आणि ग्रीसच्या सर्वोच्च कोर्टाने ती कायम ठेवली.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या चर्चेचा माझ्या श्रद्धेवर काहीही परिणाम झाला नाही, असं त्या बाईंनी स्वतः कोर्टात सांगितलं होतं. ज्यांना वाचवण्यासाठी कायदा धावून आला, त्यांना वाचवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. उलट सरकारी कागदांवर त्यांच्या भोळेपणाची कायमची नोंद झाली.

प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. २५ मे १९९३ रोजी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने कोक्किनाकिस जिंकले. आपला धर्म दुसऱ्याला सांगणं आणि त्याला पटवण्याचा प्रयत्न करणं हा धर्मस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं कोर्ट म्हणालं. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आली. स्वतःच्या श्रद्धेची साक्ष देणं वेगळं आणि ‘अनुचित’ धर्मप्रचार वेगळा. पैशाचं किंवा सोयीसवलतींचं आमिष, संकटात सापडलेल्यावर दबाव, हिंसा, ब्रेनवॉशिंग हे सगळं अनुचित. कोक्किनाकिस यांनी यातलं नेमकं काय केलं, हे ग्रीसच्या कोर्टांनी दाखवलंच नव्हतं. नुसते कायद्यातले शब्द निकालात उतरवले होते.

विरोधात मत देणाऱ्या न्यायाधीश वाल्तिकोस यांनी मात्र ‘चांगली बातमी’वर बरोबर बोट ठेवलं. हा शब्दांचा खेळ उघड आहे, पण त्या बाईंना तो कळला नसणार, असं त्यांनी लिहिलं. निकाल त्यांच्या विरोधात गेला, पण त्यांची ही शंका खोटी म्हणता येत नाही.

पाच वर्षांनी, १९९८ मध्ये, ग्रीसचंच दुसरं प्रकरण याच कोर्टात आलं. हवाई दलातले तीन अधिकारी पेंटेकोस्टल पंथाचे होते आणि ते आपल्या हाताखालच्या जवानांना धर्म सांगत होते. जवानांच्या बाबतीत झालेली शिक्षा कोर्टाने योग्य ठरवली, पण बाहेरच्या सामान्य नागरिकांशी केलेल्या प्रचाराबद्दलची शिक्षा चुकीची ठरवली. दारात आलेल्या अनोळखी माणसाला ‘नको’ म्हणून दार लावता येतं, साहेबाला तसं म्हणता येत नाही. बोलणारे तेच आणि बोलणंही तेच होतं. फरक होता तो ऐकणाऱ्याला उठून जाता येतं की नाही, याचा.

भारतात काय?

आपल्याकडे हा वाद राज्यघटना लिहितानाच झाला. धर्म मानणं आणि पाळणं याबरोबर त्याचा ‘प्रसार’ करण्याचा हक्कही द्यायचा का, यावर डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत जोरदार चर्चा झाली. लोकनाथ मिश्र यांनी विरोध केला, तर क. मा. मुन्शी आणि टी. टी. कृष्णम्माचारी बाजूने बोलले. शेवटी कलम २५ मध्ये तो शब्द राहिला.

त्याचा अर्थ काय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं. हे स्टॅनिस्लॉस खटल्याचं प्रकरण. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची शिकवण समजावून सांगणं, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क कुणाला नाही, असं पाच न्यायाधीशांच्या पीठाने म्हटलं. ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा यात वैध ठरला. जबरदस्ती, आमिष किंवा फसवणूक करून घडवलेलं धर्मांतर या कायद्यांनी गुन्हा ठरवलं होतं. ओडिशाच्या कायद्यात देवाच्या कोपाची धमकी देणंसुद्धा जबरदस्तीत मोडतं आणि खोटी माहिती देणं फसवणुकीत.

या निकालावर आजही टीका होते, कारण सांगणं कुठे संपतं आणि धर्मांतर घडवणं कुठे सुरू होतं हे ठरवणं कठीण आहे. आणखी एक अडचण आहे. या कायद्यांचं लक्ष शेवटच्या टप्प्याकडे असतं. धर्म बदलला का, कुणी बदलवला, कलेक्टरला कळवलं का? दारात पहिल्या पाच मिनिटांत काय बोलणं झालं, याकडे फारसं कुणी बघत नाही. आणि फसवणूक व्हायची असेल तर ती बहुतेक वेळा तिथेच होते.

देव खरा की खोटा, हे कोर्ट तपासत नाही

मग फसवणूक मोजायची कशी? ‘आमचाच मार्ग खरा’ हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रचारक म्हणतो. सगळे एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. पण म्हणून त्यांतल्या कुणाला खोटारडं म्हणता येत नाही, कारण बोलणाऱ्याचा त्यावर मनापासून विश्वास असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ च्या बॅलार्ड खटल्यात हेच सांगितलं. श्रद्धेतला मजकूर खरा की खोटा, हे तपासणं ज्युरीचं काम नाही.

त्याआधी १९४० मध्ये कँटवेल खटला झाला होता. एक वडील आणि त्यांची दोन मुलं कॅथलिक वस्तीत दारोदार फिरत होती. सोबत फोनोग्राफ होता. ऐकणाऱ्याची परवानगी घ्यायची आणि रेकॉर्ड लावायची. त्या रेकॉर्डमध्ये कॅथलिक चर्चवरच सडकून टीका होती. लोक भडकले आणि या तिघांवर खटला झाला. कोर्टाने त्यांना सोडलं. कोणता धर्म अस्सल हे सरकारी अधिकारी ठरवू शकत नाही, असं सांगितलं. मात्र पैसे गोळा करायला निघालेल्या अनोळखी माणसाने आधी आपली ओळख आणि अधिकार पटवून द्यावा, असा नियम सरकार करू शकतं, हेही त्याच निकालात आहे.

कँटवेल मंडळी उद्धट असतील, पण खोटी नव्हती. आपण कोण आणि कशाला आलोय, हे त्यांनी लपवलं नाही. कुणाचं बोलणं झोंबलं म्हणून फसवणूक झाली असं होत नाही. सोशल मीडियावर या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

खरी फसवणूक कशी दिसते, याचं उदाहरण १९७९ च्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सापडतं. बसथांब्यावर उभ्या असलेल्या २७ वर्षांच्या एका कायद्याच्या पदवीधराशी दोन तरुणांनी गप्पा सुरू केल्या. आम्ही वेगवेगळ्या व्यवसायांतले, समाजाचा विचार करणारे लोक एकत्र राहतो, रात्री जेवायला ये, असं आमंत्रण दिलं. त्याने सरळ विचारलं, तुमचा कुठल्या धार्मिक संस्थेशी संबंध आहे का? उत्तर आलं, नाही. जेवणानंतर शेतावरच्या शिबिराचं आमंत्रण आलं, मग शिबिर लांबत गेलं. ही माणसं कोरियाच्या सन म्युंग मून यांच्या युनिफिकेशन चर्चची आहेत हे त्याला कळलं, तोवर बरेच दिवस गेले होते आणि तो त्यांच्यात रमला होता.

पुढे तो बाहेर पडला आणि त्याने खटला भरला. हा धर्मस्वातंत्र्याचा विषय आहे, कोर्टाने यात पडू नये, असं चर्चचं म्हणणं होतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ते मानलं नाही. मून यांची शिकवण खरी की खोटी हा प्रश्नच नाही. ‘तुम्ही कोण’ या साध्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं का, एवढंच बघायचं आहे आणि त्यावर खटला चालू शकतो, असं कोर्टाने सांगितलं.

महाराष्ट्रात दारावर धर्म नवा नाही. सकाळी वासुदेव येतो, पोतराज येतो, जोगवा मागणारी येते, गोंधळी येतात. यातल्या कुणालाही ‘आपण कोण?’ असं विचारावं लागत नाही. मोरपिसांची टोपी दिसली की वासुदेव आला हे शेंबड्या पोरालाही कळतं. द्यायचं की नाही, हे त्याने तोंड उघडायच्या आधीच ठरवता येतं. मॉर्मन पंथाचे तरुण जगभर छातीवर चर्चच्या नावाचा बिल्ला लावून फिरतात, त्यामागेही हेच आहे. बिल्ला बघून शंभरातले बहुतेक लोक दार लावून घेतात. ते त्यांनी मान्य केलेलं असतं.

जपान: सर्व्हेपासून संगमरवरी फुलदाणीपर्यंत

ओळख लपवण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे जपानने बघितलं. तिथे युनिफिकेशन चर्चला १९६४ मध्ये धार्मिक संस्था म्हणून मान्यता मिळाली. १९८० च्या दशकात एक शब्द घरोघरी पोहोचला, ‘रेइकान शोहो’, म्हणजे भूत-पितरांची भीती घालून केलेली विक्री.

पद्धत साधारण ठरलेली होती. दारावर किंवा रस्त्यात एखादी मुलगी भेटायची. कधी सर्व्हे असायचा, कधी हात बघते म्हणायची, कधी नावावरून भविष्य. चर्चचा उल्लेख नसायचा. गप्पांमधून घरातलं आजारपण, घटस्फोट, अकाली गेलेलं माणूस अशी माहिती काढून घेतली जायची. मग घराण्याची वंशावळ मांडायची आणि पूर्वजांच्या पापाचा दोष अजून फिटलेला नाही, असं निदान व्हायचं. उपाय म्हणून शिक्का घ्या, संगमरवरी फुलदाणी घ्या, छोटा पॅगोडा घ्या. जपानमध्ये सहीऐवजी नावाचा शिक्का वापरतात, त्यामुळे शिक्का ही अगदी घरगुती वस्तू. किमती मात्र घरगुती नव्हत्या.

‘घराला दोष आहे’ हे वाक्य मराठी वाचकाला नवं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर महाराष्ट्राने २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं आणि लोकांना फसवणं किंवा घाबरवणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्यात कीर्तन, प्रवचन, हरिपाठ, यात्रा हे सगळं स्पष्टपणे वगळलेलं आहे. कायदा कुठल्या एका धर्माचं नावही घेत नाही.

जपानमध्ये वकिलांनी १९८७ मध्ये देशभराचं जाळं उभं केलं आणि पीडितांचे खटले लढायला घेतले. त्यातला महत्त्वाचा निकाल २९ जून २००१ चा, सापोरो जिल्हा न्यायालयाचा. खटला भरणाऱ्या स्त्रिया आधी चर्चच्या अनुयायी होत्या. त्यांची तक्रार पैशांपुरती नव्हती. चर्चचं नाव न सांगता आम्हाला आत ओढलं, वर्ग घेतले, व्हिडिओ दाखवले. मनाची पूर्ण तयारी झाल्यावर हा धर्म आहे आणि तो अमुक चर्चचा आहे हे सांगितलं. यात आमची तरुणपणाची वर्षं गेली, असं त्यांचं म्हणणं होतं.

यावर चर्चच्या बाजूने सहज सुचणारा युक्तिवाद असा: शेवटी नाव सांगितलंच ना? ते कळल्यावरही त्या थांबल्या, म्हणजे त्यांनी स्वतःच निवडलं. सापोरोच्या कोर्टाने हे मानलं नाही. धर्माचा प्रचार आहे हे लपवून माणसाला टप्प्याटप्प्याने आत नेणं हे त्याच्या निवडीच्या स्वातंत्र्यावरच घाला आहे आणि म्हणून बेकायदा आहे, असा निकाल दिला. २००३ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला.

दारावरच्या धर्मप्रचाराबद्दल आजवर झालेल्या चर्चेत याहून कामाची गोष्ट क्वचितच कुणी सांगितली असेल. सत्य सांगितलं का, एवढं विचारून भागत नाही. ते कधी सांगितलं, हे बघावं लागतं. पहिल्या दिवशी नाव सांगितलं असतं तर त्या बाईने दार लावलं असतं. सहाव्या महिन्यात तेच नाव कळतं तेव्हा तिच्या मैत्रिणी त्यातल्याच असतात, तिची गुपितं त्यांच्याकडे असतात आणि बाहेर पडलं तर पितरांचा कोप होईल ही भीती मनात बसलेली असते. तेव्हा तिने म्हटलेला ‘हो’ वेगळा असतो.

एवढं होऊनही प्रकरण सरकारी पातळीवर थंडच राहिलं. ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात माजी पंतप्रधान शिंजो आबे यांची गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा चित्र पालटलं. हल्लेखोराच्या आईने या चर्चला सुमारे १० कोटी येन दिले होते. २००२ मध्ये ती दिवाळखोर झाली आणि घर उद्ध्वस्त झालं. आबे यांचे चर्चशी संबंध आहेत, असं हल्लेखोराच्या मनाने घेतलं होतं. खुनाचं समर्थन कुणी केलं नाही, पण पस्तीस वर्षं वकील जे ओरडून सांगत होते, ते आता सगळ्या देशाने ऐकलं.

डिसेंबर २०२२ मध्ये जपानच्या संसदेने देणग्या मागण्याबद्दल नवा कायदा केला. अलौकिक शक्तीचा हवाला देऊन घाबरवणं आणि त्यातून देणगी काढणं याला बंदी आली. देणगी मागताना आपण कोणत्या संस्थेकडून आलोय हे स्पष्ट करावं, पैसा कशाला वापरणार याबद्दल दिशाभूल करू नये आणि देणाऱ्याच्या घरच्यांचं जगणं अवघड होईल इतकं मागू नये, अशी काळजी घेण्याची जबाबदारीही संस्थांवर टाकली. सरकारचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. ‘जबाबदारी’ हा शब्द फार मऊ आहे, सरळ बंदी हवी होती, अशी टीका पीडितांच्या वकिलांनी तेव्हाच केली.

चर्चचं म्हणणं असं की वस्तूंची विक्री अनुयायांनी स्वतःहून केली, संस्थेने नाही आणि २००९ मध्येच आम्ही सगळ्यांना नियम पाळायला सांगितलं. टोकियो जिल्हा न्यायालयाला ते पटलं नाही. २५ मार्च २०२५ रोजी त्याने संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. दीड हजारांहून जास्त लोकांचं मिळून सुमारे २० अब्ज येनचं नुकसान झाल्याचं कोर्टाने नोंदवलं आणि २००९ नंतरही हे प्रकार थांबले नसल्याचं म्हटलं. याआधी जपानमध्ये फौजदारी गुन्ह्यांमुळे संस्था विसर्जित झाल्या होत्या, त्यांतली सगळ्यात गाजलेली ओम शिनरिक्यो. फक्त दिवाणी कायद्याच्या उल्लंघनावरून असा आदेश पहिल्यांदाच निघाला. चर्चने त्याविरुद्ध अपील केलं.

विसर्जन म्हणजे बंदी नव्हे. संस्थेचा कायदेशीर दर्जा जातो, करसवलत जाते, मालमत्ता विकून देणी भागवायची असतात. मून यांची शिकवण मानायला, एकत्र जमायला आणि ती दारोदार जाऊन सांगायलाही अनुयायांना मनाई होत नाही.